वळ आणि वेद

आमच्या चेंबरमध्ये पाच टक्के मिठाचं पाणी पस्तीस अंशाला फवारलं जातं. कुरुळीच्या शेडमध्ये अकरा वर्षं मी हेच करतोय. जस्ताचं प्लेटिंग केलेले बोल्ट आत लटकवायचे, पांढरा गंज कितव्या तासाला आला, लाल कितव्या, ते लिहायचं. ऑडिटला आलेला नवखा पोरगा हटकून विचारतो, "म्हणजे रस्त्यावर किती वर्षं टिकेल?" त्याला उत्तर नाही. चेंबरमधल्या तासांची रस्त्यावरची वर्षं होत नाहीत. दोन लॉटमधला फरक तेवढा कळतो.

आई विसरायला लागली, तेव्हा हाच चष्मा लावून मी वाचायला बसलो. उंदराला अल्झायमर आपणहून होत नाही. तो जगतो जेमतेम दोन-तीन वर्षं. म्हणून माणसातला बिघडलेला जनुक त्याच्यात घालतात आणि आपल्या मेंदूत जे साचायला वर्षं लागतात, ते त्याच्या मेंदूत काही महिन्यांत साचवतात. हे आमचंच मिठाचं चेंबर! १९९५च्या सुमाराला असे उंदीर तयार झाले. त्यांना गुण देणारी कितीतरी औषधं पुढे माणसांवर फसली. सॅम्पल आपल्या लॉटमधलं नाही, हे आमच्या हेल्परनंही सांगितलं असतं.

एवढ्यावर मी पुस्तक मिटलं असतं. पण एक प्रयोग माझ्या घरात शिरला.

चिंचवडला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. सेकंड शिफ्ट करून साडेबाराला घरी येतो तर आई अंधारात भिंतीला हात लावून फिरत असायची. संडास शोधत. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायची, तिथून परत. मधल्या मोकळ्या जागेत पाऊल म्हणून टाकायची नाही. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१मध्ये मांडलेला पाण्याचा हौद मी नुकताच वाचला होता. गोल टाकी, दूध घालून पांढरं केलेलं पाणी, पृष्ठभागाच्या जरा खाली लपवलेला एक ओटा. धडधाकट उंदीर चार दिवसांत ओट्याची जागा लक्षात ठेवतो आणि सरळ तिकडे पोहतो. मेंदूतला हिप्पोकॅम्पस निकामी केलेल्याला ते जमत नाही. असा उंदीर बऱ्याचदा कडेकडेनंच पोहत राहतो. मात्र तोच ओटा पाण्याबाहेर दिसेल असा ठेवला, की तोही पोचतो. जागा आठवत नसली तरी दिसणाऱ्या खुणेमागे जाता येतं.

दुसऱ्या दिवशी शेडमधून फ्लोअर मार्किंगची पिवळी पट्टी आणली (विचारून आणली) आणि आईच्या पलंगापासून संडासापर्यंत चिकटवली. दारावर मोठा पिवळा चौकोन. तिसऱ्या रात्रीपासून आई पट्टीवरून चालायला लागली.

आईचं माहेर आळ्याचं. चाकणवरून नाशिककडे निघालं की नारायणगावच्या पुढे येतं ते. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्या रेड्याच्या तोंडून वेद वदवले, त्याची समाधी तिथे आहे. ही गोष्ट मी आईकडून शंभरदा ऐकली असेल. सगळ्यांना वेद आठवतात. आई सांगायची त्यात त्याआधीचा भाग मोठा असायचा. रेड्याच्या पाठीवर आसूड बसले आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले. तो आत्मा आणि हा आत्मा एकच, याचा पहिला पुरावा वळ होता. वेद नंतर आले.

प्रयोगशाळेनं वेद घेतले, वळ सोडला, असं मला वाटतं. न्यायदर्शन म्हणतं, काल ज्यानं पाहिलं त्यालाच आज ते आठवतं, म्हणून आठवणारा कुणीतरी एक आत असला पाहिजे. स्मृती ही आत्म्याची खूण. मग पहिल्या दिवशी गटांगळ्या खाणारा आणि चौथ्या दिवशी सरळ ओट्याकडे जाणारा उंदीर हाही तीच खूण देतोय. तो आपल्यासारखा आठवतो, म्हणून तर त्याला हौदात सोडायचं. आणि आपल्यासारखा नाही, म्हणून शेवटी त्याचा मेंदू कापून बघायचा. आम्हीही गंजलेला बोल्ट भंगारात टाकतो, पण बोल्टाला पोहावं लागत नाही.

पतंजलींनी स्मृतीला पाच वृत्तींपैकी एक मानलं, शांत करायची गोष्ट. आई माझं नाव विसरली त्या दिवशी मी याचाच आधार घेतला: वृत्ती गेली, आई आहे. मग हिप्पोकॅम्पस नसलेल्या उंदरातही कुणीतरी आहेच की. ही सवलत एकट्या आईला देता येत नाही.

प्रयोग बंद करा, असं मी म्हणणार नाही. कुठल्या तोंडानं म्हणू? आमच्या पिंपरीचं नाव झालं ते पेनिसिलिनच्या कारखान्यानं, १९५४च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सनं. आणि त्या पेनिसिलिनची पारख १९४०च्या मे महिन्यात ऑक्सफर्डला आठ उंदरांवर झाली. आठांनाही जंतू टोचले, चौघांना औषध दिलं. बाकीचे चौघे सकाळपर्यंत गेले. आपला १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा जीव वाचवण्यासाठी, रोगाशी लढण्यासाठी प्रयोगाला मुभा देतो आणि वर देखरेख समिती ठेवतो. समितीचा कागद वळ मोजतो, कमी करायला लावतो. तो कुणाच्या पाठीवर उठला, हा प्रश्न कागदाच्या कक्षेत येत नाही. माझ्या घरातल्या पिवळ्या पट्टीवर तो मला दिसतो.

गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरात उंदीर आला. बायको म्हणाली, गोंदाचा पॅड आणा. मी पिंजरा लावला, भज्याचा तुकडा टांगला. पहाटे सापडला. आई पलंगावर बसून पिंजऱ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, त्याला मोदक दे." दादा म्हणजे तिचा भाऊ, मी नव्हे. गणपतीत उंदरासाठी बारकासा मोदक वेगळा काढायची ती. मोदक नव्हता, गूळ दिला.

मग पिंजरा स्कूटरवर ठेवून नाल्यापलीकडे नेला आणि दार उघडलं. परत येताना जिन्यात शेजारचे काका भेटले. रिकामा पिंजरा बघून हसले. म्हणाले, "नाल्यापर्यंतच ना? अहो, तो तुमच्या आधी घरी पोचला असेल."