सत्यापनाखालील सही

चेन्नईहून बंगळूरूकडे जाणाऱ्या महामार्गावर इरुंगाट्टुकोट्टै हे गाव आहे. आज तेथे मोटारींचा मोठा कारखाना उभा आहे. थोडे पुढे गेले की श्रीरामानुजाचार्यांचे जन्मस्थान श्रीपेरुंबुदूर लागते. जेथे कारखाने येतात तेथे जमिनीचे मोल वाढते आणि मोलाबरोबर भाऊबंदांतील वादही वाढतात. असा वाद घेऊन गृहस्थाने न्यायालयात जाणे हे काही पाप नव्हे. परंतु जाताना तो कोणती वाणी बरोबर नेतो, हा प्रश्न धर्माचा आहे.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे वादपत्राच्या शेवटी सत्यापन असते. कोणत्या परिच्छेदांतील मजकूर स्वतःच्या माहितीप्रमाणे खरा आहे आणि कोणता दुसऱ्याकडून कळल्यावरून खरा वाटतो, हे वादीने परिच्छेदांचे क्रमांक देऊन वेगळे सांगावे, व दिनांक आणि स्थळ घालून सही करावी, असा नियम आहे. १ जुलै २००२ पासून त्यासोबत शपथेवरील प्रतिज्ञापत्रही द्यावे लागते. ह्या सुधारणेविषयी सेलमच्या वकीलसंघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले की, अशा प्रतिज्ञापत्राने सत्याची अधिक जबाबदारी लिहून देणाऱ्यावर येते. मात्र खटल्यात तो पुरावा होत नाही. म्हणजे शपथेने दावा सिद्ध होत नाही. शपथ केवळ शपथ घेणाऱ्याला बांधते.

पुष्कळ जण म्हणतात, "मी खोटे काहीच लिहिले नाही, एक कागद तेवढा दाखविला नाही." ह्या समजुतीचे उत्तर मद्रासकडच्याच एका दाव्यात मिळते. एका सावकाराच्या कारकुनाने लिलावात सावकारासाठी मिळकत घेतली आणि १९४५ साली नोंदणीकृत लेखाने तिच्यावरील आपला सारा हक्क त्यास सोडून दिला. पुढे त्याच मिळकतीच्या वाटपाचा दावा त्याने स्वतःच्या नावे लावला व तो सोडपत्राचा लेख न्यायालयास कळविलाच नाही. हुकूमनामा त्याच्या बाजूने झाला. सत्य पुढे आल्यावर प्रकरण वरपर्यंत गेले, आणि १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, लाभासाठी महत्त्वाचा कागद दडविणे ही न्यायालयाची व प्रतिपक्षाची फसवणूक होय. असा हुकूमनामा शून्यवत् आहे. मौनही असत्य असू शकते, ते असे.

भगवंतांनी सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. वाणी उद्वेग न देणारी, सत्य, प्रिय आणि हितकर असावी, असे त्याचे स्वरूप. दाव्यातील सत्य प्रतिपक्षाला प्रिय वाटणार नाही, हे खरे. तरी कठोर विशेषणे गाळता येतात. आपल्याला प्रतिकूल असलेली वस्तुस्थिती मात्र गाळता येत नाही.

श्रीरामानुजांविषयी परंपरा सांगते की, गुप्त राखण्याच्या अटीवर मिळालेला मंत्र त्यांनी तिरुक्कोष्टियूरच्या गोपुरावरून सर्वांना ऐकविला. वचनभंगाचा दोष त्यांनी लपविला नाही; नरक मिळाला तरी तो आपल्या एकट्याला मिळो, इतरांचा उद्धार होवो, असे ते गुरूंना म्हणाले. त्यांनी लोकांच्या लाभासाठी उघड केले व हानी स्वतःकडे घेतली. त्या कारकुनाने स्वतःच्या लाभासाठी झाकले व हानी दुसऱ्यावर लोटली.

म्हणून सज्जनहो, वकिलाने लिहिले म्हणून डोळे मिटून सही करू नये. प्रत्येक परिच्छेद वाचावा आणि स्वतःला विचारावे : हे मी जाणतो, की केवळ ऐकले आहे? आणि काय सांगावयाचे राहिले आहे? न्यायाधीशाला कागद दिसतात. अंतर्यामीला पेटीत ठेवलेला कागदही दिसतो.