माझ्या घरात मी!

क्रांती चौकामागच्या आमच्या इमारतीत नळाला पाणी येतं, तो दिवस दिवाळीचा. नेमकं त्याच दिवशी खालच्या मजल्यावरचे काका थेट नळाला मोटार लावतात. त्यांच्याकडे धबधबा, आमच्या नळातून नुसता उसासा! मी तक्रार केली, तर म्हणाले, "अहो, माझ्या घरात मी काय लावीन तो माझा प्रश्न!"

त्यावर मी सामाजिक जबाबदारीवर दहा मिनिटं बोललो. बोलणं प्रभावी झालं असावं. काकू चहाचं न विचारताच आत गेल्या.

मी प्रोग्रॅमर. ऑफिस चौकातच, खिडकीतून महाराजांचा अश्वारूढ पुतळा दिसतो. आमचा धंदा हल्ली कंटेनरवर चालतो. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅमचं भांड्याकुंड्यांसकट स्वतंत्र बिऱ्हाड. २०१३ साली डॉकर आलं आणि हे बिऱ्हाड कुठल्याही लिनक्सवर उचलून नेता येऊ लागलं. "माझ्या मशीनवर तर चालतं" ही आमची लाडकी सबब जवळजवळ बुडाली. आतल्या प्रोग्रॅमला वाटतं, सगळं मशीन आपलंच. तिथे त्याचा नंबरही १ असतो! प्रत्यक्षात सगळ्या बिऱ्हाडांखाली कर्नल एकच. (लष्करातला नव्हे, पण स्वभाव तोच.) मेमरीची टाकीही एकच. कुणी किती ओढायची ह्यावर मर्यादा घालायची सोय लिनक्समध्ये २००८ पासून आहे. मात्र डॉकरमध्ये ती आपण होऊन घालावी लागते. नाही घातली, तर नसते.

मी घातली नव्हती.

परवा रात्रभर माझा कंटेनर मेमरी ओढत राहिला. टाकी आटल्यावर कर्नलने शिरस्त्याप्रमाणे बळी शोधला. तो मुख्यतः आकार बघतो, अपराध नव्हे. शेजारच्या बिऱ्हाडात एका सहकारी बाईंचा डेटाबेस अंगाने भरलेला होता. तो मारला गेला आणि त्यांचं रात्रीचं काम अर्धवट राहिलं. सकाळी बाई स्वतःच्याच चुका शोधत बसलेल्या.

"माझं काय चुकलं असेल हो?"

नियम म्हणाल तर मी एकही मोडला नव्हता. भिंतीबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. महाराज घोड्यावर होते; तिकडे फार वेळ बघवेना. "बघतो," म्हणालो, आणि दुपारपर्यंत बघतच राहिलो. डबा उघडला, पण घास उतरेना. शेवटी सांगून टाकलं.

"मग सकाळी का नाही बोललात?" बाई म्हणाल्या. एवढंच.

माझ्या कंटेनरला आता मर्यादा आहे. संध्याकाळी घरी आलो तर नळाला पाणी, आणि खालून मोटारीची घरघर. मी उतरलो. काकांनी दार उघडलं, "आज कशावर भाषण?"

"भाषण नाही, काका," मी म्हटलं. "एक बादली पाणी मिळेल का?"