उभी केलीस तिथे

देवा, गोहलपुरातली पहाटेची अजान आत्ताच संपली. समईची वात पुढे सारली, तुला फूल वाहिलं. आई, म्हणजे सासूबाई, उठेपर्यंतची दहा मिनिटं माझी आहेत. ऐक माझं.

विठ्ठला, मी तुझ्याकडे किती वेळा जागा मागितली! नागपूरहून लग्न होऊन इथे जबलपुरात आले तेव्हापासून मागतेच आहे. आधी म्हणाले, आपल्या माणसांत ने. मग म्हणाले, मोठ्या शाळेत ने. राइट टाऊनची शाळा दे, नेपियर टाऊनची दे, जिथली पोरं घरून पाठ करून येतात, जिथे माझ्या शिक्षणाचं चीज होईल. तीनदा बदलीचा अर्ज केला, तीनदा तुला नारळ बोलले. तू हलला नाहीस. कमरेवर हात ठेवून उभा राहिलास, आणि मलाही इथेच उभं ठेवलंस: चौथीचा वर्ग, चार टाटपट्ट्या, आणि अंगाला विडीच्या पानाचा वास असलेली लेकरं. मी रागावले होते तुझ्यावर. तुझ्यापुढे दिवा लावायचे आणि मनात रुसून बसायचे.

राग पोटात घाल, देवा.

आणि आता जे सांगायचं आहे ते सांगू दे, जीभ अडखळते तरी. माझ्या वर्गात एक पोर आहे. तिच्या घरी तुला दुसऱ्या नावानं हाक मारतात. तुला ठाऊक आहेच, ती हाकही तूच ऐकतोस. तिची आई दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसते. तेंदूचं पान भिजवायचं, कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, आणि मजुरी हजारावर. माल घेणारा सट्टेदार छाट काढून बाजूला टाकतो, ती मेहनत पाण्यात जाते. हे सगळं माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडे चालतं, आणि मी इतकी वर्षं त्या भिंतीला पाठ लावून शिकवत आले. गेल्या आठवड्यात ती पोर वर्गात झोपली. मी तिला खांद्याला धरून उठवलं, सगळ्यांसमोर पंचवीसचा पाढा विचारला. तिला येईना. मी म्हणाले, तुझ्या डोक्यात काही शिरायचं नाही. तिला उचलून शेवटच्या टाटपट्टीवर बसवलं, भिंतीला लागून. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, रात को गिनती पूरी नहीं हुई थी." मी तेही ऐकून सोडून दिलं. घरी येऊन भाकरी थापताना माझ्या ध्यानात आलं, देवा, की चाळीस कट्टे झाले की हजार होतात हे त्या पोरीला झोपेतसुद्धा ठाऊक असणार. गणित तिच्या बोटांत होतं. मला ते दिसलं नाही.

क्षमा कर. तुझी क्षमा मिळेलही. तिची कशी मागू ते शिकव.

लहानपणी आजी सेना न्हाव्याची गोष्ट सांगायची. तो तुझ्या पूजेत रमला, राजाकडे जायला उशीर झाला, आणि मग तूच त्याचं रूप घेतलंस, धोकटी काखेत मारलीस, राजाची हजामत करून आलास. परंपरा त्याला बांधवगडच्या राजाचा न्हावी म्हणते, आणि बांधवगड आमच्या जबलपूरहून काही परमुलूख नाही. अध्येमध्ये तीच साल-सागवानाची रानं, तीच तेंदूची झुडपं. मी ती गोष्ट नेहमी चमत्कार म्हणून ऐकली. तू राजाच्या दाढीला हात लावलास, तुला त्यात कमीपणा वाटला नाही, हे माझ्या कानावरून गेलं. तुला वस्तरा चालतो. सावता माळ्याच्या मळ्यातला भाजीपाला चालतो, जनाबाईचं जातं चालतं. चौथीचा वर्ग मात्र मलाच लहान वाटत होता.

आणि माझ्यासाठी तू किती वेळा धोकटी घेऊन आलास, तेही आज आठवतंय. मागच्या पावसाळ्यात आई दार उघडं दिसलं म्हणून निघून गेल्या. मी शाळेत, हे डॉक्टरकडे औषध आणायला. त्यांना नाव सांगता येईना, गल्ली सांगता येईना. डोक्यावर विड्यांची टोपली घेऊन सट्टेदाराकडे निघालेल्या एका बाईनं त्यांचा हात धरला, घरोघरी विचारत त्यांना आमच्या दारात आणून सोडलं. तिचा माल पोचवायला उशीर झाला असणार. पाणी प्यायलाही थांबली नाही. मी तिचा चेहरा नीट पाहिला नाही, पण माउली, मी तुला ओळखलं. उशिरा ओळखलं.

तुझे उपकार मोजायला मला पंचवीसचा पाढा पुरायचा नाही.

आईंचं बोलते थोडं. २२ मे १९९७ ची रात्र तुला आठवते? एक वाजून गेला होता, जमीन हलली आणि सारं जबलपूर रस्त्यावर आलं. कितीजण ढिगाऱ्याखाली गेले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं माझं, यांची कारखान्यात रात्रपाळी होती. मी रस्त्याच्या कडेला बसून थरथरत होते, माझ्या आईला हाका मारत होते, नागपुरातल्या. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. एरवी चार शब्दांची बाई. माझा हात त्यांनी आपल्या पदरात घेतला आणि उजाडेपर्यंत एवढंच म्हणत राहिल्या, "मी आहे ना." आज त्या रोज सकाळी मला विचारतात, "तू कोणाची गं?" दिवसातून दहादा विचारतात. पहिल्यांदा मी समजावत होते. मग कंटाळले. परवा ओरडले, "कितीदा सांगू!" त्या दचकून भिंतीकडे सरकल्या, देवा, आणि त्यांचा हात थरथरत होता. तो हात मी आपल्या पदरात घेतला नाही.

मला धीर दे. अकराव्या वेळेचा धीर दे. दहा वेळांचा माझा मी आणीन.

यांच्याकडेही बघ जरा. १९०४ पासूनच्या त्या गन कॅरेज फॅक्टरीत आयुष्य घातलं, तोफगाड्यांचे भाग घासूनपुसून बोटांच्या रेषा गेल्या. आता निवृत्त झालेत, आणि सकाळी पाळीची वेळ झाली की उगाच चपला घालून दाराशी उभे राहतात. मला ते दिसतं आणि मी डबा भरत राहते. एक शब्द सुचव मला त्यांच्याशी बोलायला, स्वयंपाकपाण्याच्या हिशेबाबाहेरचा.

देवा, १८७० साली मुंबईकडून आलेला रूळ आणि कलकत्त्याकडून आलेला रूळ या गावात एकमेकांना मिळाले, असं मी मुलांना शिकवते. गाड्या धडधडत जातात. जोड कुठे आहे ते बघायला कुणी उतरत नाही. तू मला तसाच जोड केलं आहेस का? सगळं विसरलेली सासू आणि अबोल नवरा यांच्यामधला, परदेशी गेलेला मुलगा आणि त्याचं घर यांच्यामधला, त्या पोरीची बोटं आणि फळ्यावरचा पाढा यांच्यामधला? असेल तर मला घट्ट धरायची ताकद दे. माझ्यावरून जे जाईल ते जाऊ दे, मी सुटू नये.

मला आता जागा नको. ग्वारीघाटावर नर्मदा वाहते तिथेही मी हेच मागेन पुढच्या वेळी: जे मागितलं नव्हतं आणि तू दिलंस, ते नीट हातात घेता येऊ दे. मी लहान आहे. माझं दुखणं लहान, माझा राग लहान, माझी चूकही तुझ्या पसाऱ्यात लहानच असेल. पण त्या पोरीच्या पसाऱ्यात ती लहान नाही. तेवढी तिथे नीट करू दे.

आई जाग्या झाल्या, खोकल्याचा आवाज आला. त्या विचारतील, तू कोणाची. आज माझ्या तोंडून "तुमचीच" निघू दे, आणि आवाज चढू देऊ नकोस.

आज सोमवार आहे. ती पोर शेवटच्या टाटपट्टीवर जाऊन बसायच्या आत मला वर्गात पोचव.