आधी ‘जा’, मग बाकीचं

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. दादर, परळ, गिरगावातल्या शाळांच्या फाटकाशी त्या आठवड्यात छोट्या शिशूतली मुलं रडत असतात आणि फाटकाबाहेर त्यांच्या आया पदराने डोळे पुसत असतात. मग हळूहळू रडं थांबतं आणि मूल शाळेतली पहिली गोष्ट शिकतं. अक्षरं आणि अंक पुढे येतात. त्याआधी येतं ते विचारणं. “बाई, एक नंबरला जाऊ?” बोलायचा धीर होत नसेल तर नुसती करंगळी वर होते. घरी हे कधी विचारावं लागलेलं नसतं. घरी लागली की पळायचं, फार तर आतून आईला हाक मारायची. इथे मात्र आधी मोठ्या माणसाने हो म्हणावं लागतं. आणि कधी कधी उत्तर येतं, “आत्ताच सुट्टी झाली ना? तेव्हा का नाही गेलास? आता घंटा झाल्यावर.” करंगळी खाली येते. मूल बाकावर बसतं, मांड्या घट्ट आवळून धरतं, आणि त्यानंतर फळ्यावर काय लिहिलं जातंय ते त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

असं उत्तर देणाऱ्या बाईंना मुलांची माया नसते असं मुळीच नाही. त्यांची अडचण खरी आहे. एकाच इमारतीत सकाळी एक सत्र भरतं, दुपारी दुसरं. तासिका जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाची. वर्ग गच्च भरलेला. एकाला सोडलं की मागून आणखी पाच-सहा करंगळ्या वर होतात. त्यातल्या एक-दोघांना खरंच लागलेली असते, बाकीच्यांना नळाशी खेळायचं असतं. स्वच्छतागृह गॅलरीच्या पार टोकाला, कधी जिना उतरून खाली, तिथली फरशी ओली. सोबत द्यायला मावशी एकच, आणि तिला हाका मारणारे वर्ग चार. शिवाय ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाले, त्यानंतर मुलाला एकटं पाठवायला बाईंचं मन धजत नाही, आणि ते योग्यच आहे. मग नियम होतो, की जायचं ते सुट्टीतच. नियम करणाऱ्याला वर्ग सांभाळायचा असतो, कुणाला त्रास द्यायचा नसतो. पण हा नियम वेळापत्रकाकडे बघून केलेला असतो आणि पाच वर्षांच्या शरीराला वेळापत्रक वाचता येत नाही.

त्या शरीराकडे थोडं बघू या. सहा वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण 200 ते 250 मिलिलिटर मावतं, म्हणजे घरातला पाण्याचा एक पेला. डॉक्टर यासाठी एक सोपा हिशेब करतात. मुलाच्या वयात 2 मिळवायचे आणि 30 ने गुणायचं. मोठ्या माणसाला लघवीची जाणीव झाली तरी तो बराच वेळ काढू शकतो. लहान मुलाला मुळात जाणीवच उशिरा होते, चित्र रंगवण्यात गुंगलेलं असलं तर फारच उशिरा. त्यामुळे ते “आत्ता लागली” म्हणतं तेव्हा ती खरोखर आत्ताच लागलेली असते. रोज दाबून धरायची सवय झाली की लघवी पुरती होत नाही, मग जळजळ, पोटात दुखणं, जंतुसंसर्ग, ताप. मुलींना हा त्रास अधिक. शी दाबून धरणाऱ्या मुलांना तर आणखी. बद्धकोष्ठ झालं की त्याचा दाब मूत्राशयावर येतो आणि एवढे दिवस कोरडी राहिलेली चड्डी पुन्हा ओली होऊ लागते. तेव्हा घरचेच म्हणतात, “एवढा मोठा झालास आणि हे काय?” यावर मुलं आपल्यापुरता एक उपाय शोधून काढतात. पाणीच पीत नाहीत. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी जशीच्या तशी परत येते. आपण त्याबद्दल ओरडतो, पण खरं कारण मूल सांगत नाही, कारण ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असं त्याला वाटतच नाही. केरळमधल्या शाळांनी 2019 मध्ये मुलांनी पाणी प्यावं म्हणून वेगळी घंटा सुरू केली. मग इतर राज्यांतल्या शाळांनीही ती उचलली. फार चांगली कल्पना आहे. मात्र पाण्याची घंटा दिली की पुढची परवानगी तिच्यासोबतच द्यायला हवी.

लागलेल्या मुलाला अडवायचं नाही, हे आपल्या गिरगाव-लालबागच्या चाळींना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. गॅलरीच्या टोकाला सगळ्या मजल्याचे मिळून संडास. सकाळी टमरेल घेऊन रांग. कुणाला गिरणीतली पहिली पाळी गाठायची, कुणाला ऑफिसची लोकल. नंबरावरून कुरबुर रोजचीच. पण एखादं पोर दोन पाय आवळून रांगेशेजारी नाचायला लागलं की कुणीतरी म्हणायचं, “अरे, पोराला आधी जाऊ द्या.” पोर कुणाचं, त्याच्या घरच्यांशी आपलं बोलणं आहे की अबोला, हे तेव्हा कुणी बघत नसे. खरंच लागलीय का, मघाशी का नाही गेलास, असंही कुणी विचारत नसे. घाईत असलेली माणसं पाऊलभर मागे सरायची आणि पोर आत पळायचं. नायगाव, ना. म. जोशी मार्ग, वरळी आणि शिवडीच्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकातल्या. 160 चौरस फुटांच्या खोल्या आणि सामाईक संडास, यात तीन-चार पिढ्या वाढल्या. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडीतल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्या घरांतल्या मुलांना संडासाची रांग आता माहीतही नसेल. किती बरं झालं! मला मात्र वाटतं, रांगेतली ती एक हाक आपण सामानात बांधून बरोबर न्यावी. वर्गाच्या दाराशीही तिची गरज आहे.

दादरला तर या विचाराचं जुनं घरच आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं. दोघांनीही मारिया माँटेसरींच्या विचारांवर आपलं काम उभं केलं होतं. मूल आपल्या गरजेनं उठेल, हवी ती वस्तू घेईल, काम झालं की जागेवर ठेवेल, आणि त्याला काय हवंय ते त्याला कळतं, असं त्यात आधी गृहीत धरलेलं असतं. अशा वर्गात एक नंबरला जाण्यासाठी विनवण्या कराव्या लागत नाहीत. पुढे कायदाही आला. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. मुलामुलींसाठी शाळेत वेगळी स्वच्छतागृहं हवीत, असं त्यात लिहिलं आहे. मुलाला मारायचं नाही आणि त्याचा मानसिक छळही करायचा नाही, असं त्याचं 17 वं कलम सांगतं. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधल्या स्वच्छतागृहांसाठी राज्यांना सहा महिन्यांची मुदत घालून दिली. कायद्याने भिंती उभ्या राहतात, दारं बसतात, नळ येतात. करंगळी वर आल्यावर काय म्हणायचं, ते मात्र त्या क्षणी वर्गात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतं.

तिथे “जा” हा एकच शब्द पुरतो. चौकशी नंतर करता येते. मुलांना जोडीने पाठवलं की एकटं जाण्याची भीती उरत नाही. दाराजवळ खुंटीला एक पास टांगला, तो घेऊन जायचं आणि आल्यावर परत अडकवायचा असं ठरवलं, की एका वेळी एकच जोडी बाहेर जाते आणि दर वेळी शिकवणं थांबवावं लागत नाही. शिकवता शिकवता नुसती मान हलवली तरी पुरे. जो रोज नळाशी खेळून येतो त्याला नंतर बाजूला घेऊन सांगता येईल. चार मुलांनी फसवून पाच मिनिटं मिळवली तर वर्गाचं फार नुकसान होत नाही. खरंच लागलेलं एक मूल सगळ्यांसमोर ओलं झालं तर पुढे कितीतरी दिवस सकाळी त्याचं पोट दुखत राहतं आणि त्याला शाळा नको होते. आणि असं झालंच, तर मावशींनी त्याला गुपचूप नेऊन कपडे बदलावेत, फरशी पुसावी आणि बाईंनी पुढचा धडा सुरू करावा. बाई जेवढ्या सहज वागतात, तेवढ्याच सहज वर्गही ते विसरतो.

घरच्यांनाही यात थोडं करता येण्यासारखं आहे. गणवेशाच्या चड्डीला हूक आणि वर पट्टा असेल तर ते छोट्या बोटांना घाईत सुटत नाही. इलॅस्टिकची चड्डी शिवून घ्यावी, किंवा हूक काढायचा सराव रविवारी निवांतपणे करून घ्यावा. दप्तराच्या तळाशी एक जादा चड्डी पिशवीत घालून ठेवावी आणि ती तिथे आहे हे मुलाला सांगून ठेवावं. संध्याकाळी डबा बघताना “भाजी संपवलीस का?” हे आपण विचारतोच. त्याच सुरात “शाळेत शूला गेला होतास का?” हेही विचारावं. उत्तर रोज “नाही” येऊ लागलं तर बाईंना भेटावं. तक्रारीच्या आवाजात नको. “बाई, याला धरवत नाही, तेवढं बघाल का?” एवढं म्हटलं की बहुतेक बाई लगेच समजतात. त्यांच्याही घरी मुलं असतात. आणि खरं सांगायचं तर चार तासिका पाठोपाठ घेणाऱ्या त्या बाईंनाही स्वतःला जायला कुठे वेळ मिळतो? पालकसभेत मुलांसाठी बोलताना त्यांच्यासाठीही कुणीतरी बोलावं.

कारण मोठेपणीही ही करंगळी पुरती खाली येत नाही. दादरच्या फूलबाजारात पहाटेपासून बसलेल्या बायका पाणी बेतानेच पितात, कारण जायचं कुठे हा प्रश्न असतो. 2011 मध्ये मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी एकत्र येऊन ‘राइट टू पी’ मोहीम सुरू केली. बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित आणि फुकट मुतारी हवी, इतकी साधी ती मागणी. लाज गुंडाळून ठेवून त्यांनी ती महापालिकेपुढे मांडली, म्हणून निदान ती बोलली जाऊ लागली. आपल्या रोजच्या वाटेवरही विचारायला संकोचणारी अशी माणसं आहेत. चार मजले चढून पार्सल घेऊन आलेला मुलगा. फाटकावर दिवसभर उभे असलेले वॉचमन काका. मीटिंग लांबली म्हणून खुर्चीत चुळबुळ करणारी नवी सहकारी. घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या ताई तर एका घरातून दुसऱ्या घरात करत दुपार गाठतात आणि मधे कुठेच विचारत नाहीत. त्या पहिल्यांदा कामाला येतात तेव्हा आपण त्यांना ओटा दाखवतो, साबण कुठे आहे, झाडू कुठे आहे ते सांगतो. त्याच फेरीत बाथरूमचं दार उघडून दाखवावं. “ताई, लागलं तर इथे जा, विचारू नका,” असं म्हणावं आणि आतली कडी जरा जोरात ओढावी लागते, तेही सांगून ठेवावं.