जुना संगणक आणि आपला विवेक

घरातील वस्तू जुनी झाली की दोन स्वभाव समोरासमोर उभे राहतात. एक म्हणतो, चालते तोवर चालू द्या. दुसरा म्हणतो, काळाबरोबर चला. अलीकडेच आमच्या धर्मग्रामातील एका घरी आम्ही भेटीस गेलो असता हाच वाद चालला होता. दहा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक सुरू व्हायलाच दहा मिनिटे घेई. वडील म्हणाले, "फादर, अजून चालतो की!" कॉलेजात शिकणारी कन्या मात्र गप्प होती. यंत्र अडले की वही घेऊन तिला मैत्रिणीच्या दारी जावे लागे.

काटकसर हा सद्गुण खराच. परंतु येथे तिची किंमत वडील नव्हे, मुलगी मोजत होती. ज्या बचतीचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो, तिला काटकसर म्हणावे काय?

मग नवा संगणक घ्यावा? तेथेही घाई नको. यंत्र मंद का झाले, हे आधी पाहावे. पंख्यात साचलेली धूळ काढणे ही झाली निगा. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविणे, ४ जीबी रॅमची ८ जीबी करणे ही झाली सुधारणा. एवढ्यानेही पुष्कळ जुनी यंत्रे तरतरीत होतात, आणि खर्च नव्याच्या मानाने थोडका. मदरबोर्डच निकामी झाला असेल, तर मात्र दुरुस्तीचा हट्ट सहसा महागात पडतो.

कधी यंत्र धडधाकट असते, पण त्याचा आधार सुटतो. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि अनेक जुने प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. असुरक्षित यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे हा शहाणपणा नव्हे. तथापि लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली बसवून तेच यंत्र आणखी काही वर्षे वापरता येते.

नवेपणाचीही किंमत कोणीतरी मोजतोच. दिल्लीच्या सीलमपुरात टाकाऊ संगणक हातांनी फोडले जातात. तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, त्या धुरात माणसे श्वास घेतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण आपण जुना संगणक भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकला, तर नियम तेथवर कसा पोहोचणार? तो नोंदणीकृत केंद्रातच द्यावा, आणि तत्पूर्वी त्यातील खासगी माहिती पुसून टाकावी.

तेव्हा जुने की नवे, हा प्रश्न दुय्यम होय. आपल्या निर्णयाचा भार कोण वाहणार, हा खरा प्रश्न.

त्या घरी अखेर एसएसडी बसली, रॅम वाढली, लिनक्सही आले. आम्हांला समाधान वाटले ते निराळ्याच गोष्टीचे: निर्णय घेण्यापूर्वी वडिलांनी प्रथमच मुलीला विचारले, "बाळ, तुझे काम कुठे अडते?"