गव्हाणीत बैल कुणी बांधला?

सप्टेंबर संपत आला की इंग्रजीत फॅनफिक लिहिणाऱ्यांच्या जगात एक हाक घातली जाते. ‘यूलटाइड’ नावाचा हा नाताळचा उपक्रम २००३ पासून दर वर्षी चालतो. दुसऱ्याच्या कादंबरीतली, सिनेमातली, मालिकेतली पात्रं घेऊन चाहत्यानं नवी कथा लिहायची, हे फॅनफिकचं साधं रूप. यूलटाइडची अट अशी, की ज्यांच्यावर फारसं कुणी लिहीत नाही अशाच कलाकृती निवडायच्या. काय वाचायला आवडेल आणि काय लिहिता येईल, दोन्ही आधी कळवायचं. मग जुळवाजुळव होते. कुणासाठी लिहायचं ते लेखकाला कळतं. आपल्यासाठी कोण लिहितंय याचा पत्ता मात्र कुणाला लागत नाही. कथा किमान हजार शब्दांची, मुदत डिसेंबरच्या मध्यापर्यंत. पंचवीस तारखेला साऱ्या कथा एकदम खुल्या होतात आणि लेखकांची नावं थेट एक जानेवारीला.

मानधन नाही, विक्री नाही. तरी अलीकडच्या वर्षांत हजाराहून अधिक कथा जमतात.

याचा छापील पूर्वज म्हणजे फॅनझीन, चाहत्यांनीच काढलेला अंक. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकेत १९६६ च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि वर्षभरात ‘स्पॉकॅनेलिया’ हे निव्वळ त्या मालिकेला वाहिलेलं पहिलं झीन निघालं. सायक्लोस्टाइलवर काढलेली पानं, किंमत खर्च भागेल एवढीच. स्पॉकची भूमिका करणाऱ्या लेनर्ड निमॉयचं पत्रही त्यात छापलेलं होतं. आजची सणासुदीची झीनं देखणी असतात. काम पाहणारे ‘मॉड’ लेखक-चित्रकारांकडून अर्ज मागवतात, पानं वाटून देतात, छपाईचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम बहुतेकदा एखाद्या धर्मादाय संस्थेला देतात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून सणाच्या निमित्तानं लेखकाला पत्र जाणं मराठी माणसाला नवं नाही. नवं आहे ते एवढंच, की मॉडच्या पत्रात मागितलेली गोष्ट लिहिणाऱ्याचीही नाही आणि मागणाऱ्याचीही नाही.

मग ती मागण्याचा अधिकार मॉडला कुणी दिला?

कायदा या प्रश्नाचं एक उत्तर देतो, पण ते फारसं खोल जात नाही. कॉपीराइटला मुदत असते. ती संपली की शेरलॉक होम्स सर्वांचा होतो. पण आदल्या रात्री होम्सवर लिहिणं चूक आणि दुसऱ्या सकाळी बरोबर, असं नीतीच्या दृष्टीनं कुणालाच पटणार नाही. प्रश्न त्याहून जुना आहे. एखादी गोष्ट सांगून झाली, तिच्यावर लोकांचा जीव जडला, तर त्या जीव जडण्यातून काही हक्क निर्माण होतो का? धर्मांनी हा प्रश्न शतकानुशतकं हाताळलेला आहे, आणि गंमत म्हणजे त्याची सर्वांत मोठी साक्ष खुद्द नाताळच देतो.

नाताळचा गोठा डोळ्यांपुढे आणावा. गव्हाणीत बाळ, बाजूला बैल आणि गाढव, समोर तीन राजे. आता ल्यूकचं शुभवर्तमान उघडावं: गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत, बैल-गाढव नाहीत. मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडून आलेले ज्ञानी आहेत, पण ते किती होते ते लिहिलेलं नाही आणि ते राजे होते असंही म्हटलेलं नाही. भेटी तीन, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून माणसंही तीन धरली गेली. सिरियाकडच्या परंपरेत ती बारा आहेत. कास्पर, मेल्खिओर, बाल्थाझार ही नावं आणखी मागाहूनची. बैल आणि गाढव लिखित कथेत आणून बांधले ते मत्तयच्या नावावर खपलेल्या, सुमारे सातव्या शतकातल्या एका लॅटिन ग्रंथानं, तेही यशया संदेष्ट्याच्या एका जुन्या वचनाचा धागा पकडून. संत फ्रान्सिसनं १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी जिवंत देखावा मांडला तेव्हा त्यात बैल-गाढव होतेच. त्यांच्याशिवाय गोठा कुणाला ओळखू आला असता?

या भर घालणाऱ्यांना चर्चनं मोकळं रान दिलेलं नव्हतं. सहाव्या शतकाच्या सुमारास अशा ग्रंथांची त्याज्य म्हणून यादी झाली. त्या यादीत याकोबाच्या नावे असलेलं बालपणाचं शुभवर्तमानही येतं. हे दुसऱ्या शतकातलं, आणि मारियाच्या आईवडिलांची, आन्ना आणि योआकिम यांची कथा मुळात इथली. बायबलमध्ये आन्नाचं नावसुद्धा नाही. तरी तिचा सण २६ जुलैला साजरा होतो, आणि गोव्यात तिसवाडीतल्या तळावलीच्या सांतान चर्चमध्ये त्या सुमाराला तवशाचं फेस्त भरतं. मूल व्हावं म्हणून जोडपी आन्नामायेला काकडी वाहतात. मारियाला लहानपणी मंदिरात नेल्याचा २१ नोव्हेंबरचा सणही त्याच ग्रंथातून आलेला. पोप पाचवा पायस यानं १५६८ मध्ये तो पंचांगातून काढला. सतरा वर्षांनी पाचव्या सिक्स्टसनं परत घातला. ग्रंथ बाहेर, सण आत. अधिकृत संहितेच्या दाराशी थांबवलेली गोष्ट स्वयंपाकघराच्या दारानं घरात शिरली, असंच म्हणायचं.

ज्यू परंपरेनं हेच काम उघडपणे, पंडितांच्या सभेत केलं. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात अब्राहाम मुलाला बळी द्यायला निघतो आणि मुलाची आई सारा त्या वेळी काय करत होती याविषयी अवाक्षर नाही. तेविसाव्या अध्यायाच्या आरंभी ती मरते. मधल्या मौनात मिद्राशकारांनी, म्हणजे शास्त्रवचनांवर कथारूप भाष्य करणाऱ्या रब्बींनी, कथा रचल्या: बातमी ऐकूनच तिचा जीव गेला. पोलिश तत्त्वज्ञ रोमान इंगार्डेन यानं १९३१ मध्ये मांडलं, की साहित्यकृती कधीच पूर्ण भरलेली नसते, तिच्यात अनिश्चित जागा असतात आणि वाचक त्या भरतो. रब्बींना हे आधीपासून ठाऊक होतं. फॅनफिक लिहिणाऱ्यांनाही ठाऊक असतं. त्यांच्या कथांचा मोठा हिस्सा ‘दोन प्रसंगांच्या मध्ये काय घडलं’ याच जातीचा असतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. मिद्राशकार देवाच्या वचनावर श्रद्धा ठेवून लिहीत होता. फॅनफिक लिहिणाऱ्याला होम्स काल्पनिक आहे हे पक्कं माहीत असतं. दोघांना एका पंगतीत बसवणं हा श्रद्धेचा अपमान नाही का? आक्षेप घेणाऱ्यानं रोनल्ड नॉक्सकडे पाहावं. १९११ मध्ये, ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात, धर्मोपदेशक होऊ घातलेल्या या तरुणानं होम्सकथांवर एक निबंध वाचला. बायबलचे जर्मन अभ्यासक ज्या गंभीर पद्धतीनं कोणता भाग अस्सल, कोणता प्रक्षिप्त हे ठरवत, तीच पद्धत त्यानं होम्सला लावली. थट्टा अभ्यासकांची होती, पण त्यातून एक खेळ जन्मला: होम्स खराच होऊन गेला असं धरून चालायचं. रहस्यकथाकार डोरोथी सेयर्सनं बजावलं, की हा खेळ लॉर्ड्सवरच्या क्रिकेटच्या सामन्याइतकाच गांभीर्यानं खेळायला हवा. १९३४ मध्ये लेखक ख्रिस्तोफर मोर्लीनं न्यूयॉर्कमध्ये ‘बेकर स्ट्रीट इररेग्युलर्स’ ही मंडळी जमवली. होम्सचा वाढदिवस ती ६ जानेवारीला मानतात. कथांमध्ये ही तारीख कुठेच नाही. इकडून तिकडून पुरावे जुळवून चाहत्यांनी ती काढली. ज्यांची संख्या लिहिलेली नाही त्या तीन राजांचा सणही ६ जानेवारीलाच येतो.

नॉक्स पुढे कॅथलिक झाला आणि त्यानं अख्ख्या बायबलचं इंग्रजी भाषांतर केलं. खेळातलं गांभीर्य आणि श्रद्धेतलं गांभीर्य त्याच्या मनात एकमेकांच्या आड आलेलं दिसत नाही. फरक आहेच, पण तो श्रद्धाळू आणि चाहता यांच्यामध्ये पडत नाही. तो कुठे पडतो हे सर्वांत नेमकं पैठणच्या एकनाथांकडे दिसतं.

एकनाथांनी वाल्मीकींच्या कथेवर ‘भावार्थ रामायण’ रचलं, ते मुळाहून कितीतरी ऐसपैस. युद्धकांड पुरं होण्याआधीच त्यांचं निधन झालं आणि पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा यानं लिहिला. गुरूची अर्धी राहिलेली रामकथा शिष्यानं पुढे नेली, आणि मराठी घरांत ती भक्तिभावानं वाचली गेली. कुणाची तक्रार नाही. पण याच एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून, हातोहात घुसलेले पाठ काढून शुद्ध प्रत तयार केली, तेव्हा शेवटी सक्त ताकीद दिली: यापुढे जो ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घालेल त्यानं अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असं समजावं. एकच माणूस, एका ग्रंथाबाबत इतका मोकळा आणि दुसऱ्याबाबत इतका कडक.

यात विसंगती नाही. रामायण एकनाथांनी शेजारी मांडलं, आपल्या नावानं, आपल्या गुरूचा उल्लेख करून. वाल्मीकी जागच्या जागी राहिले. ज्ञानेश्वरीत घुसलेली ओवी मात्र ज्ञानेश्वरांच्या तोंडी जाते. वाचकाला कळायचा मार्ग उरत नाही. लिहिणं पाप नाही. दुसऱ्याच्या नावाखाली सरकवणं पाप आहे. नामदेवांच्या गाथेत ‘नामा म्हणे’ असं म्हणणारे अनेक नामे मिसळले आणि अभ्यासकांना ते अजून सोडवावे लागतात, त्याचं कारण हेच. या कसोटीवर फॅनफिकचं जग आश्चर्यकारकरीत्या प्रामाणिक ठरतं. कथेच्या माथ्यावर मूळ कृतीचं नाव, पात्रं आपली नाहीत ही कबुली, आपण कुठे मूळ सोडलं त्याची सूचना. फॅनफिकच्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक, २००९ मध्ये खुला झालेला ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’, याच शिस्तीवर उभा आहे. २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथे वाल्मीकी आणि व्यास यांच्या नावाच्याही फळ्या आहेत, आणि त्यांच्यावर ऊर्मिलेच्या, कर्णाच्या, द्रौपदीच्या कथा रचल्या जातात. आपण काय करतोय ते गावबाला तिथे समजावून सांगावं लागलं नसतं.

राहिला सणाचा आणि दानाचा मुद्दा. तो शोभेचा नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र पाहायला सांगितलं आहे, आणि घेणारा परतफेड करणारा नसावा अशी अट घातली आहे. परतफेडीच्या आशेनं दिलं तर ते राजस. यूलटाइडमध्ये प्रत्येकाला कथा मिळतेच, म्हणजे वरवर पाहता हा रोखठोक देवघेवीचा व्यवहार. पण ज्याच्यासाठी लिहिलं तो लेखकाला काहीच देत नाही; लेखकाला देणारा तिसराच कुणीतरी असतो. शिवाय कुणी न मागता, हिशेबाबाहेर लिहिलेल्या जादा कथाही असतात, त्यांना ‘ट्रीट’ म्हणतात. बाराव्या शतकातल्या मायमोनिदीस या ज्यू पंडितानं दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. देणाऱ्याला घेणारा माहीत, घेणाऱ्याला देणारा अज्ञात, ही त्यात वरून तिसरी. यूलटाइडचा आठवडा नेमका तिथे बसतो. एक जानेवारीला नावं फुटली की पायरी उतरते आणि कौतुकाचा बाजार सुरू होतो. पण माणसानं वर्षाचे सात दिवस तिसऱ्या पायरीवर काढले तरी पुष्कळ झालं.

लेखकालाच हे नको असेल तर? होम्सचा कर्ता कॉनन डॉइल याला नट विल्यम जिलेटनं विचारलं होतं, नाटकात होम्सचं लग्न लावू का, तेव्हा डॉइलनं लग्न लाव, मारून टाक, हवं ते कर असं कळवून हात झटकले. सगळे लेखक एवढे उदार नसतात. व्हॅम्पायर कादंबऱ्यांसाठी गाजलेल्या ॲन राइसनं २००० मध्ये जाहीर केलं, की आपल्या पात्रांवर कुणी फॅनफिक लिहू नये. चाहत्यांच्या अनेक कथा उतरवल्या गेल्या. जिवंत माणसाची नाराजी एकनाथी कसोटीनंही उडवून लावता येत नाही, आणि एखादा मॉड तिच्या पुस्तकांना वगळून निमंत्रण काढत असेल तर त्याला भित्रा म्हणू नये. राइसचा सूरही पुढे मवाळ झाला. त्या जाहीर नकाराआधीच ती कॅथलिक श्रद्धेकडे परतली होती आणि २००५ मध्ये तिनं लहानग्या येशूच्या तोंडून सांगितलेली कादंबरी लिहिली. चार शुभवर्तमानांत त्या वयाविषयी जवळपास काहीच नाही. मग तिनं साहित्य घेतलं ते चर्चनं बाहेर ठेवलेल्या बालकथांतून: मातीच्या चिमण्या करून त्यांना उडवणारा मुलगा तिथूनच तिच्या पुस्तकात आला.