भावाचा कागद तपासणे हा अविश्वास आहे काय?

जुन्या नाशकात, वडाळ्यात किंवा पाथर्डी फाट्यावर घर घेणारे आपले अनेक बांधव व्याजापासून दूर राहण्यासाठी गृहकर्ज घेत नाहीत. वर्षानुवर्षांची बचत, पत्नीचे दागिने, आखातातून भावाने पाठविलेली रक्कम असे सारे एकत्र करून ते एकरकमी घर घेतात. ही ईमानाची खूण आहे. मात्र तिच्याबरोबर एक संरक्षण नकळत सुटते. कर्ज देणारी बँक वकिलाकडून मालकीची व बोजाची छाननी करून घेते. येथे ती कोणीच करीत नाही. त्यात विक्रेता नात्यातला किंवा मशिदीत शेजारी उभा राहणारा असेल, तर कागद मागण्याचाच संकोच वाटतो.

फसवणूक नेमकी या संकोचावर पोसली जाते. घर आधीच बँकेकडे गहाण असते, मूळ करारनामा तिच्या ताब्यात असतो. खरेदीदाराला ‘मूळ प्रत हरवली’ असे सांगून दुय्यम निबंधक कार्यालयातील नक्कल दाखविली जाते. खरेदीखत होते, पैसे जातात. पुढे विक्रेत्याने हप्ते थकविले की २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये साठ दिवसांची नोटीस निघते आणि नंतर बँक घराचा ताबा घेण्यास येते.

असा विक्रेता म्हणतो, “त्याने विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही. मी खोटे कोठे बोललो?” प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतील धान्य ओले निघाले. पावसाने भिजले, असे व्यापाऱ्याने सांगितले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारून आपण (स.) फसविणाऱ्याशी नाते नाकारले (हदीस : मुस्लिम). विचार करा, त्या व्यापाऱ्याने कोणाला खोटे सांगितल्याचा उल्लेख नाही. दोष झाकणे हीच फसवणूक ठरली. हनफी फिक्हनुसारही गहाण वस्तूची विक्री धनकोच्या संमतीवर किंवा कर्जफेडीवर अवलंबून राहते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ देखील मालकीतील महत्त्वाचा दोष उघड करण्याची जबाबदारी विक्रेत्यावरच टाकते.

आता खरेदीदाराकडे वळू. पवित्र कुरआनने संशयापासून रोखले आहे (सूरह हुजुरात : १२), मग भावाचे कागद तपासावेत कसे? याचे उत्तर सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याचा व साक्षीदार करण्याचा आदेश देणारी ही कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत श्रद्धावंतांनाच उद्देशून आहे. म्हणजे लिखापढी ही परस्परांवर विश्वास असणाऱ्यांसाठीच सांगितली गेली. संशय माणसाच्या मनावर घेतला जातो. तपासणी कागदाची होते. वडिलांनी घेतलेले कर्ज वारसाला ठाऊक नसणेही शक्य असते.

म्हणून विसार देण्यापूर्वी मूळ दस्त डोळ्यांनी पाहावेत. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. सूची क्रमांक २, मिळकत पत्रिका किंवा सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ आणि सेरसाई या केंद्रीय नोंदवहीतील गहाणाची नोंद तपासावी. नव्या इमारतीवरील बोजा महारेराच्या संकेतस्थळावर पाहावा. कर्ज निघाल्यास सौदा मोडण्याची गरज नाही. तेवढी रक्कम थेट बँकेत भरून बोजामुक्तीचा दाखला व मूळ दस्त मिळवावेत, मगच उरलेले पैसे द्यावेत.

मध्यस्थ आणि साक्षीदारही यातून सुटत नाहीत. गहाण ठाऊक असूनही जो दस्तावर सही करून गप्प राहतो, त्याने २८३ वी आयत वाचावी. साक्ष लपविणाऱ्याचे हृदय गुन्हेगार असल्याचे तेथे सांगितले आहे. ही आयत गहाणाच्याच संदर्भात आली आहे, हे विशेष. दलाली चार दिवसांत संपते. एका कुटुंबाचे छप्पर गेल्याचा जाब मात्र परलोकात द्यावा लागेल.

अल्लाह आपल्या व्यवहारांत सचोटी आणि आपल्या घरांत बरकत देवो. आमीन.